पाच पडतील, सहावा राहील

मुलांनो, आज गप्पा सुरू करण्याआधी एक वजाबाकी करू या. अगदी सोपी आहे, उसना घ्यावा लागत नाही.

माणसाला दुधाचे दात किती? २०. मोठेपणी दात किती? ३२. मग ३२ वजा २० किती?

"बारा!" असं तुम्ही ओरडलात ना? शाब्बास. पण खरा प्रश्न पुढेच आहे. दुधाचा एक दात पडतो आणि त्याच जागी एक पक्का दात येतो. वीस पडले, वीस आले. हिशोब पुरा झाला. मग हे वरचे बारा कुठून आले? कोणाच्या जागी आले? आणि येताना ते तुम्हाला, आईला, बाबांना कोणाला दिसले का?

मी डी.एड.ला होते तेव्हा 'वीस आणि बत्तीस' पाठ केलं होतं. परीक्षेत लिहिलं, मार्क मिळवले. पुढे कितीतरी वर्षं वर्गात शिकवलंही. पण ही दुसरीतली वजाबाकी करून बघावी, असं माझ्या कधी मनात आलं नाही. त्याची किंमत माझ्या वर्गातल्या एका मुलीला मोजावी लागली. आज तीच गोष्ट सांगणार आहे. तिचं नाव मात्र सांगणार नाही. "बाई, लिहा, पण माझं नाव नको हं," अशी तिची अट आहे आणि मी ती कबूल केली आहे.

टाचणीच्या डोक्याएवढा ठिपका

ती तेव्हा दुसरीत होती. एकदा मधल्या सुट्टीत माझ्या टेबलापाशी आली आणि 'आ' करून उभी राहिली.

"बाई, बघा ना, मागच्या दाढेवर काळं काळं झालंय."

मी वाकून पाहिलं. खाली डावीकडे, अगदी मागच्या दाढेवर टाचणीच्या डोक्याएवढा काळा ठिपका होता.

"दुखतं का गं?"

"नाही."

"मग राहू दे. दुधाची दाढ आहे. पडून जाईल आणि नवी येईल."

ती उड्या मारत खेळायला गेली. संध्याकाळी तिची आई शाळेवरून जाताना भेटली. तिनं विचारलं, तेव्हा तिलाही मी हेच सांगितलं.

पुढच्या वर्षी ती तिसरीत आली. वर्ग माझ्याकडेच होता. दिवाळीच्या सुट्टीनंतर ती जरा वेगळीच वागायला लागली. मोठ्यानं वाचायला सांगितलं की मान खाली घालायची. शुद्धलेखन लिहिताना डावा हात सारखा गालावर असायचा. खिचडी एकाच बाजूनं हळूहळू चावत बसायची आणि घंटा झाली तरी ताटात अर्धी शिल्लक. मी तिला दोनदा रागावले. एकदा तर सगळ्या वर्गासमोर "लक्ष कुठे असतं तुझं?" असं विचारलं.

तिचं लक्ष कुठे होतं ते मला डिसेंबरात कळलं. एका सोमवारी ती आली तीच गाल सुजवून. डावा गाल टम्म फुगलेला, अंगात ताप. बरोबर आई होती. रात्रभर दोघींच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता.

मुख्याध्यापकांना सांगून मी त्या दोघींबरोबर जिल्ह्याच्या गावी दवाखान्यात गेले. दातांच्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं, फोटो काढला आणि सांगितलं, "कीड आत नसेपर्यंत गेली आहे. मुळाशी पू झालाय. आधी औषधानं सूज उतरवू. पण दाढ इतकी पोखरली आहे की वाचवायला काही उरलेलं नाही. काढावी लागेल."

मी विचारलं, "पण दुधाचीच आहे ना? नवी येईल ना?"

त्यांनी मान हलवली. "नाही हो बाई. ही पक्की दाढ आहे. सहाव्या वर्षी येते ती. ही जन्मात एकदाच येते."

मुलीची आई माझ्याकडे वळली. ती रागावलेली नव्हती. तिनं नुसतं विचारलं, "बाई, तुम्हीच म्हणाला होतात ना, पडून नवी येईल म्हणून?"

मला उत्तर देता आलं नाही. ती बाई शेतमजुरी करते. मुलीच्या दाढेसाठी त्या महिन्यात तिचे चार दिवस बुडाले, एस.टी.चं भाडं गेलं ते वेगळंच. वर्षापूर्वी ठिपका दिसला तेव्हाच दवाखाना गाठला असता, तर एका खेपेत काम झालं असतं. कीड कोरून काढायची आणि सिमेंट भरायचं, एवढंच. तिला मुलीची काळजी होती, म्हणून तर तिनं मला विचारलं होतं. ती थांबली ती माझ्या शब्दावर.

बिनबोभाट येणारे बारा

त्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी मला जे समजावलं, ते आता तुम्हाला समजावते.

दुधाचा दात हलायला लागला की घरात केवढी धामधूम असते! जीभ सारखी तिथेच जाते. कोणी दोरा बांधून ओढा म्हणतं. पडला की कोणी तो उंदराच्या बिळात टाकतं, कोणी शेणाच्या गोळ्यात घालून कौलावर भिरकावतं. मग त्या जागी नवा दात डोकावतो आणि सगळ्यांना दिसतो.

या बारा दाढांचं तसं नसतं. त्या कोणाला उठवून त्याच्या जागेवर बसत नाहीत. जबडा वाढतो तशी मागे नवी जागा तयार होते आणि त्या तिथे गुपचूप येऊन बसतात. काही हलत नाही, काही पडत नाही, रक्त येत नाही. फार तर दोन दिवस हिरडी हुळहुळते. म्हणून कोणाला पत्ताच लागत नाही.

त्या येतात तीन खेपांत, दर खेपेला चार. पहिल्या चार सहाव्या-सातव्या वर्षी येतात. दुसऱ्या चार बाराव्या-तेराव्या वर्षी. शेवटच्या चार म्हणजे अक्कलदाढा. त्या साधारण १७ ते २५ या वयात येतात आणि काहींना तर येतही नाहीत. चार त्रिक बारा. झाला की नाही आपला हिशोब पुरा?

यातल्या पहिल्या चार फार महत्त्वाच्या आहेत. घास दळण्याचं मोठं काम त्यांचं. बाकीचे पक्के दात कुठे नि कसे बसायचे, तेही बरंचसं त्यांच्यावर अवलंबून असतं. आणि नेमक्या त्याच सगळ्यांत लवकर किडतात. एक तर त्यांच्या माथ्यावर खोल खाचा असतात, तिथे अन्न अडकून बसतं. दुसरं म्हणजे नवी दाढ वर यायला कित्येक महिने लागतात. तोवर ती शेजारच्या दातांपेक्षा ठेंगणी असते आणि ब्रश तिच्या डोक्यावरून नुसता निघून जातो. तिसरं कारण तुम्हाला कळलंच आहे. घरातली मोठी माणसं म्हणतात, "दुधाचीच आहे." आणि बाईही तेच म्हणतात!

करून पाहा

आता उठा, आरसा घ्या आणि उजेडात जा. हात स्वच्छ धुतलेत ना?

तोंड उघडा. खालचे समोरचे दोन दात दिसतात ना, त्यांच्या मधल्या फटीपासून मोजायला सुरुवात करा. आधी उजवीकडे मागे मागे जा. एक, दोन हे पटाशीचे. तीन म्हणजे सुळा. चार आणि पाच दुधाच्या दाढा. दुधाचे दात एका बाजूला पाचच असतात, पाचाच्या पुढे नाहीत. म्हणजे सहावा दिसला की तो दुधाचा नव्हे. तो पक्का, कायमचा!

मध्ये एखादा दात पडला असेल तर ती रिकामी जागाही मोजायची, म्हणजे गणित चुकणार नाही. मग डावीकडे मोजा. मग वरच्या जबड्यात दोन्ही बाजूंना मोजा. चार ठिकाणी मोजून वहीत तारखेसकट लिहून ठेवा. धाकटी भावंडं असतील तर त्यांचेही दात मोजा. पण त्यांनी बोट चावलं तर माझ्याकडे तक्रार आणायची नाही!

सहा वर्षांच्या मुलाला कदाचित दाढेचा नुसता एक कोपरा हिरडीतून वर आलेला दिसेल. सात वर्षांचे झालात तरी दिसली नाही, तर घाबरू नका. काहींना थोडी उशिरा येते. आणि जे सातवीत-आठवीत आहेत त्यांनी आणखी एक घर पुढे मोजायचं. सहाव्याच्या मागे सातवा पाहुणा आलाय का?

आमच्या शाळेत आता हे एक वाक्य सगळ्यांना पाठ आहे: पाच पडतील, सहावा राहील.

किडा नावाचा किडा नाही

आपण म्हणतो, "दाताला कीड लागली." त्यामुळे पुष्कळांना वाटतं की आत खरोखरच एखादी अळी वळवळत असते. दातातले किडे काढून देतो, असं सांगत दारोदार फिरणारी माणसंही असतात. धुरी देतात, काहीतरी घालतात आणि हातावर पांढरी अळी काढून दाखवतात. ती अळी दातातली नसते बरं! दातात अळी राहतच नाही.

मग राहतं तरी काय? हे पहिल्यांदा पाहिलं ते हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावच्या एका कापडाच्या व्यापाऱ्यानं. त्याचं नाव लेव्हेनहूक. स्वतःच्या हातानं भिंग घासून सूक्ष्मदर्शक बनवायचा त्याला नाद होता. त्यानं आपल्याच दातांमधला पांढरा मळ काढला, पाण्यात कालवला आणि भिंगाखाली धरला. बघतो तर काय, त्यात अगदी बारीक जीव हालचाल करत होते! १७ सप्टेंबर १६८३ रोजी त्यानं लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्र लिहून हे कळवलं. गंमत म्हणजे हा गृहस्थ रोज मिठानं दात घासायचा. तरीही त्याच्या दातांवर हे पाहुणे होतेच.

ते जंतू तुमच्या-माझ्याही दातांवर आहेत. दात घासल्यावर काही तासांत जीभ फिरवली की बुळबुळीत लागतं ना? तोच त्यांचा थर. आपण गोड खाल्लं की हे जंतूही ते खातात आणि आम्ल तयार करतात. दाताचं वरचं कवच म्हणजे एनॅमल. आपल्या सगळ्या शरीरात एवढा कठीण पदार्थ दुसरा नाही, हाडसुद्धा नाही. पण आम्लापुढे तेही झिजतं.

पटत नाही? घरी शहाबादी फरशी असेल तर आईला विचारा. फरशीवर लिंबू सांडलं आणि लगेच पुसलं नाही तर काय होतं? पांढुरका, खरखरीत डाग पडतो. केवढी दणकट फरशी, पण दोन थेंब लिंबानं तिची चकाकी जाते. दातांचंही काहीसं असंच होतं, फक्त हळूहळू.

मात्र दाताला एक मदतनीस आहे, आपली लाळ. ती आम्ल धुऊन काढते आणि झिजलेल्या जागी थोडे थोडे क्षार परत भरते. तिला या कामाला अर्धा-पाऊण तास तरी लागतो. आता विचार करा. तुम्ही चार वाजता एक गोळी चघळली, सव्वाचारला दुसरी, साडेचारला बिस्किट, पावणेपाचला चिक्कीचा तुकडा. लाळेनं काम करायचं तरी कधी?

म्हणून किती खाल्लं यापेक्षा किती वेळा खाल्लं, हे दातांच्या दृष्टीनं जास्त महत्त्वाचं. संक्रांतीला तिळगूळ जरूर खा. पण खिशात भरून दिवसभर एकेक चघळत बसू नका. जेवणाबरोबर खा, वर पाणी प्या आणि मोकळे व्हा. टोस्ट, खारी, वेफर्स गोड लागत नाहीत, पण त्यांचा चिकटा दाढेच्या खाचेत तासन् तास राहतो. तेव्हा त्यांच्यावरही लक्ष असू द्या.

रात्रीचा ब्रश आणि बियेएवढी पेस्ट

"बाई, आम्ही रोज दात घासतो," असं सगळे सांगतात. कधी घासता? सकाळी. बरं, रात्री? मग सगळे एकमेकांकडे बघतात!

झोपेत लाळ फार कमी सुटते. मदतनीस घरी गेलेला आणि जंतूंना मोकळं रान. म्हणून दोन वेळांतली एक सोडायचीच म्हटली, तर रात्रीची कधीही सोडू नका. रात्री ब्रश केल्यावर पाण्याशिवाय काही खायचं-प्यायचं नाही.

ब्रश मऊ दातऱ्यांचा घ्या. तीन महिन्यांनी किंवा दातरे पसरले की बदला. पेस्ट फ्लोराइड असलेली हवी, कारण फ्लोराइडमुळे एनॅमल घट्ट होतं. जाहिरातीत ब्रशभर लांब पेस्ट दाखवतात, तेवढी लागत नाही. तीन वर्षांच्या पुढे वाटाण्याएवढी आणि त्याहून लहान बाळाला तांदळाच्या दाण्याएवढी पुरते. गिळायची नाही, थुंकायची. थुंकल्यावर लगेच खळखळून चुळा भरल्या तर कामाचं फ्लोराइडही वाहून जातं, म्हणून फेस नुसता थुंकून टाका. चंद्रपूर, यवतमाळ, नांदेडसारख्या जिल्ह्यांतल्या काही गावांत मात्र पिण्याच्या पाण्यातच फ्लोराइड जास्त असतं आणि दातांवर पांढरे-तपकिरी डाग पडतात. तिथल्या मुलांनी पेस्ट कोणती घ्यायची ते डॉक्टरांना विचारून ठरवावं.

सगळे दात घासून झाले की शेवटी सहाव्या दाढेकडे वळा. ब्रश आडवा धरून गालाच्या बाजूनं आत घाला आणि तिच्या माथ्यावर पुढे-मागे फिरवा. चारही कोपऱ्यांत. सगळं मिळून दोन मिनिटं लागतात.

राखुंडी, कोळसा, विटेची भुकटी यांनी दात पांढरे दिसतात, पण ते घासले जाऊन झिजतात. कडुनिंबाची काडी नीट चावून मऊ केली तर पुढचे दात स्वच्छ होतात. पण सहाव्या दाढेच्या खाचेत ती पोचत नाही.

हिरडीतून रक्त आलं तर

आता जरा घरातल्या मोठ्यांकडे बघू. "ब्रश केला की हिरडीतून रक्त येतं, म्हणून मी हल्ली ब्रशच करत नाही," असं तुमच्या घरी कोणी म्हणतं का?

इथे गाडी उलट्या दिशेनं चालली आहे. तो जंतूंचा थर हिरडीच्या कडेला साठला की हिरडी सुजते, लाल होते आणि जरा धक्का लागला की रक्त येतं. ब्रश बंद केला की थर वाढतो, थर वाढला की सूज वाढते. म्हणून ब्रश बंद करायचा नाही. मऊ ब्रशनं, हलक्या हातानं, पण नेमानं हिरडीच्या कडेपर्यंत घासायचं. साधं दुखणं असेल तर आठ-पंधरा दिवसांत रक्त येणं कमी होतं. नाही झालं तर दवाखाना.

थर फार दिवस राहिला की त्याचं दगडासारखं किटण होतं. ते ब्रशनं निघत नाही, डॉक्टरांकडूनच काढून घ्यावं लागतं. "दात साफ करून घेतले की ढिले होतात," अशी एक समजूत आहे. खरं म्हणजे दात आधीच ढिले झालेले असतात. किटणानं ते एकमेकांना चिकटून धरलेले असतात, एवढंच. आणि आजोबांना मधुमेह असेल तर हिरड्यांची जास्तच काळजी घ्यायची. साखर वाढली की हिरड्या बिघडतात आणि हिरड्या बिघडल्या की साखर आटोक्यात ठेवणं अवघड होतं.

आणखी एक गोष्ट सांगायची आहे. माझी आजी मिश्री लावायची. तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची, कुटून डबीत भरायची आणि सकाळ-संध्याकाळ दातांना घासत बसायची. "यानं दात घट्ट राहतात," असं ती म्हणायची. पन्नाशीतच तिचे बरेच दात गेले. तंबाखू संपली की दुकानात मलाच पाठवायची आणि मीही आनंदानं जायची. तेव्हा कोणाला काही वाटत नसे.

मिश्री म्हणजे मंजन नव्हे, ती तंबाखूच. हिरड्या तिनं खाली सरकतात, सवय सुटता सुटत नाही आणि तोंडाचा कॅन्सरही होऊ शकतो. दंतमंजनात आणि टूथपेस्टमध्ये तंबाखू घालायला आपल्या देशात १९९२ पासून बंदी आहे. २००३ च्या कायद्यानं १८ वर्षांखालच्या मुलांना तंबाखू विकता येत नाही. तेव्हा आजीनं मिश्री आणायला पाठवलं तर तिला प्रेमानं सांगा, "आजी, मला दुकानदार देणार नाही." उपदेश करू नका. तिला कोणी लहानपणी हे सांगितलं नव्हतं. तिच्याजवळ बसा आणि म्हणा, "आजी, तुझी हिरडी दुखते का गं? आपण दवाखान्यात दाखवू या." नातवंडांचं आजी ऐकते, बरं का.

खेळताना दात पडला तर

खो-खो, क्रिकेट खेळताना कधीतरी समोरचा पक्का दात मुळासकट निखळून पडतो. सगळे रक्त बघून घाबरतात आणि दात तिथेच मातीत राहतो. असं करू नका. दात शोधा. वरच्या पांढऱ्या भागाला धरून उचला, मुळाला हात लावू नका. माती लागली असेल तर दुधानं किंवा स्वच्छ पाण्यानं नुसता विसळा, घासू नका. शक्य असेल तर मोठ्यांच्या मदतीनं तो लगेच त्याच्या जागेवर बसवा. नाहीतर कपभर दुधात ठेवा आणि अर्ध्या-एक तासाच्या आत दातांच्या डॉक्टरांकडे पोचा. तो पुन्हा रुजू शकतो! दुधाचा दात मात्र परत बसवायचा नसतो, खालून येणाऱ्या पक्क्या दाताला इजा होते.

आई-बाबांसाठी

आई-बाबा, आता चार शब्द तुमच्याशी.

'दुधाचा आहे, पडेल' हे वाक्य दुधाच्या दातांबाबतही घातकच आहे. दुधाच्या मागच्या दाढा दहाव्या-बाराव्या वर्षापर्यंत राहतात आणि पक्क्या दातांची जागा राखून ठेवतात. त्या किडून लवकर गेल्या तर शेजारचे दात सरकतात आणि नवे वाकडेतिकडे येतात. शिवाय दुखणं ते दुखणंच, दात दुधाचा असो की पक्का.

मूल सात-आठ वर्षांचं होईपर्यंत रात्रीचा ब्रश तुम्ही स्वतः करून द्या. त्याआधी त्यांचा हात मागच्या दाढेपर्यंत नीट पोचत नाही. बाळाला गोड दुधाची बाटली तोंडात देऊन झोपवू नका. सहावी दाढ दिसली की एकदा डॉक्टरांना दाखवा. खाचा खोल असतील तर त्यांवर एक पातळ लेप देऊन त्या बुजवता येतात. सुई नाही, कोरणं नाही, दुखत नाही.

दात दुखला की लवंगेच्या तेलानं थोडा वेळ बरं वाटतं, पण तो इलाज नव्हे. दुखऱ्या हिरडीवर डोकेदुखीची गोळी चेपून ठेवू नका, हिरडी भाजते. गाल सुजला, ताप आला, तोंड उघडेना किंवा गिळता येईना, तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठा.

खर्चाची चिंता मला माहीत आहे. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात आरोग्य पथक अंगणवाडीत आणि सरकारी शाळांत तपासणीला येतं. त्यात दातही बघतात आणि पुढच्या उपचारासाठी चिठ्ठी देतात. ती चिठ्ठी दप्तरात राहू देऊ नका. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला शासकीय दंत महाविद्यालयं आहेत, तिथे कमी खर्चात उपचार होतात. आणि मूल जेवताना रेंगाळत असेल, वाचायला टाळाटाळ करत असेल, तर रागावण्याआधी एकदा 'आ' करायला सांगा. हे मी तुम्हाला सांगते आहे, आणि स्वतःलाही.

आणि ती?

ती आता पाचवीत आहे. तिची ती दाढ गेली. बाराव्या वर्षी येणारी दाढ पुढे सरकून ती जागा थोडीफार भरून काढेल, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या आहेत. बाकीच्या तीन सहाव्या दाढांच्या खाचा त्यांनी बुजवून दिल्या. त्या तिन्ही ठणठणीत आहेत.

दर जूनमध्ये शाळा सुरू झाली की ती पहिलीच्या वर्गात येते. मुलं ओळीनं उभी राहतात, 'आ' करतात आणि ती बॅटरी धरून मोजते. एक, दोन, तीन, चार, पाच... सहावा सापडला की ती मला हाक मारते, "बाई, याचा आला!" मी वहीत नाव लिहिते आणि संध्याकाळी त्याच्या घरी निरोप जातो.

परवा एक छोटा मुलगा तिला म्हणाला, "ताई, मागे काळं आहे, पण आजी म्हणते दुधाचं आहे, पडेल."

तिनं पुन्हा एकदा मोजलं. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "बाई, सहावा आहे. आजच सांगा त्यांच्या घरी."

मी त्याच दिवशी गेले.

तर मुलांनो, आरसा घेतलात का? चार कोपरे मोजा, वहीत लिहा आणि काय सापडलं ते मला पत्रानं कळवा. काळा ठिपका दिसला तर मात्र आधी आईला सांगा, पत्र मागाहून!

तुमच्या बाई